नऊ दिवसांत शेंगेन व्हिसा: लीड्सहून आइंडहोव्हनला

मंगळवारी रात्री दहाला दाजींचा फोन आला. ताईला ३२व्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या होत्या, नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या हॉस्पिटलमध्ये दाखल केलं होतं. आई कराडहून पुढच्या महिन्यात निघणार होती. तिचा व्हिसासुद्धा अजून व्हायचा होता. त्यातल्या त्यात जवळची मीच, इकडे लीड्सला. विमानाने तास-सव्वा तास. पण पासपोर्ट भारतीय, आणि युकेचा वर्क व्हिसा असला तरी तिथे जायला शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांसाठीचा एकच व्हिसा) लागतोच.

त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत अपॉइंटमेंटचं कॅलेंडर रिफ्रेश करत बसले. पुढच्या पाच आठवड्यांत एक स्लॉट नाही. तुम्ही ते करू नका. त्या वेळात ज्या देशात जायचंय त्याच्या दूतावासाला मेल लिहा.

शेंगेन देशांचा व्हिसा कोड म्हणून एक कायदा आहे, २००९ चा. त्याच्या नवव्या कलमात सरळ लिहिलंय की तातडीचं कारण पटण्यासारखं असेल तर अपॉइंटमेंटशिवाय अर्ज घेता येतो, नाहीतर लगेच वेळ द्यायची. 'प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी अर्ज' या नियमालाही अशा वेळी सूट मिळू शकते. तातडी म्हणजे आजारपण, मृत्यू, अवेळी बाळंतपण. स्वस्त तिकीट मिळालं ही तातडी नव्हे. मेल चार ओळींचा ठेवा: मी कोण, युकेत कोणत्या व्हिसावर, कुणाला काय झालंय, कधी जायचंय. सोबत तीनच कागद जोडा: हॉस्पिटलचं पत्र, पासपोर्टचं पान, नात्याचा पुरावा. आमचं लग्नानंतरचं आडनाव वेगवेगळं, म्हणून मी दोघींचे जन्मदाखले जोडले. त्यावर आई-वडिलांची नावं सारखी दिसतात, वेगळं काही समजावावं लागत नाही. बुधवारी सकाळी मेल गेला, गुरुवारी दुपारी उत्तर आलं: शुक्रवारी साडेदहाला मँचेस्टरच्या व्हिसा अर्ज केंद्रावर या.

दरम्यान एका एजंटने 'उद्याचा स्लॉट काढून देतो' म्हणून दीडशे पौंड सांगितले. दुसऱ्या एका ओळखीच्याने सल्ला दिला की दुसऱ्या कुठल्या तरी देशाचा स्लॉट रिकामा असेल, तिथून व्हिसा काढ आणि जा नेदरलँड्सला. दोन्ही सोडून द्या. जिथे जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो; दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. खोटं सांगून व्हिसा घेतला आणि उघडकीला आला तर तो रद्द होतो, आणि पुढच्या प्रत्येक फॉर्मवर ते लिहीत बसावं लागतं. नुसतं फिरायला जाणार असाल तर गोष्ट वेगळी: ज्याचा स्लॉट मिळतोय तो देश निवडा आणि खरोखर तिथेच जा.

आता कागद. बँक स्टेटमेंट, पे-स्लिपा, ऑफिसचं रजा मंजूर केल्याचं पत्र, किमान ३०,००० युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स हे सगळे करतातच. पासपोर्टला परतीच्या तारखेनंतर तीन महिने शिल्लक हवेत आणि दोन पानं कोरी. तिकीट विकत घेऊ नका, बुकिंग दाखवलं तरी चालतं. लोक अडकतात ते पुढच्या तीन ठिकाणी.

एक, शेअर कोड, म्हणजे युकेतलं आपलं व्हिसाचं स्टेटस दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा कोड. आता बीआरपी कार्ड (युकेत राहण्याच्या परवान्याचं कार्ड) गेलं, युकेतलं तुमचं स्टेटस ई-व्हिसात, म्हणजे ऑनलाइन नोंदीत आहे. कोड काढताना 'कामासाठी' निवडलं तर तो डब्ल्यूने सुरू होतो आणि इथे उपयोगाचा नाही. 'इतर काही' निवडा, एसने सुरू होणारा कोड येईल. त्या पानाची प्रिंट घ्या. पासपोर्ट नवा केला असेल तर ई-व्हिसाच्या खात्यात नवा नंबर घातलाय ना, तेही बघा. नाहीतर परत येताना विमानात चढवायलाच खळखळ करतात.

दोन, फोटो. ३५ बाय ४५ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला. २०२२ च्या पॅरिस व्हिसाच्या वेळचे दोन फोटो माझ्याकडे उरले होते, तेच मी घेऊन गेले. काउंटरवरच्या बाईने पासपोर्टमधला जुना व्हिसा उघडला, फोटो त्याच्या शेजारी धरला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. तोच निळा कुडता! खालच्या मजल्यावरच्या बूथमध्ये पळत जाऊन नवे काढले.

तीन, आणि नेदरलँड्सला नातेवाइकाकडे उतरणाऱ्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं: यजमानाचा हमी आणि निवासाचा फॉर्म. त्यावरची सही तिथल्या नगरपालिकेत, म्हणजे खेमेंटेत, प्रमाणित करून घ्यावी लागते. ताई हॉस्पिटलमध्ये, म्हणून दाजींनी सही केली. गुरुवारी सकाळी ते खेमेंटेच्या खिडकीवर उभे होते, तिथून परत एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. मूळ प्रत कुरियरने एवढ्यात पोचणं शक्यच नव्हतं. मी स्कॅन दिला आणि 'मूळ प्रत मागाहून येत आहे' असं कव्हर लेटरमध्ये स्वच्छ लिहिलं. त्यांनी ते स्वीकारलं. तुमचंही स्वीकारतीलच असं नाही, पण कागद कमी असेल तर तो का कमी आहे हे आपणच आधी सांगितलेलं बरं.

शुक्रवारी पावसात एम ६२ महामार्गावरून गेले, तासभर लवकर पोचले. फी ९० युरो, पौंडांत घेतात, वर केंद्राचा सेवाशुल्क. प्रीमियम लाउंज घेता का, असं दोनदा विचारलं. त्यात सोफा आणि कॉफी मिळते. निर्णय केंद्राच्या हातात नसतो, तो त्याने तसूभर लवकर होत नाही. माझे बोटांचे ठसे आधीच नोंदलेले होते (५९ महिने चालतात), तरी बोलावलं होतंच. पासपोर्ट कुरियरने मागवू नका, स्वतः जाऊन घ्या. तो तिकडे असेपर्यंत आपण कुठेच जाऊ शकत नाही हेही घरच्यांना सांगून ठेवा. कराडहून काही निरोप आला तर काय, या विचाराने माझा शनिवार-रविवार गेला.

बुधवारी दुपारी मेसेज आला. पासपोर्ट हातात पडल्यावर काउंटर सोडायच्या आधी स्टिकर वाचा: नावाचं स्पेलिंग, तारखा, मुक्कामाचे दिवस, एकदाच प्रवेश की अनेकदा. माझा एकदाच प्रवेशाचा, २१ दिवसांचा.

सगळे कागद हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सुटकेसात नाही. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर अधिकाऱ्याने खेमेंटेचा फॉर्म मागितला, दाजींचं नाव वाचलं आणि विचारलं, "यांच्याकडे कशासाठी?" मी हॉस्पिटलचं पत्र पुढे केलं. त्याने बाळाचं वजन विचारलं. एक किलो सातशे, म्हटलं. शिक्का मारून पासपोर्ट परत दिला, आणि मी आइंडहोव्हनची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते शोधायला लागले.