टँकमधला मासा आजारी वाटतोय? बाटली आणायच्या आधी पाणी बघा

मासा जरा सुस्त दिसला की आपण दुकानात पळतो आणि औषधाची निळी नाहीतर पिवळी बाटली घेऊन येतो, दुकानदारपण विचारत नाही की पाणी विहिरीचं का नळाचं, टँक केवढा. पण घरच्या टँकमधलं बरंचसं दुखणं पाण्याचं असतं, माशाचं नसतं. म्हणून आधी दहा मिनिटं टँकसमोर नुसतं बसा आणि बघा.

सगळे मासे एकदम वर येऊन तोंड उघडझाप करतायत, का एकच कोपऱ्यात पडून आहे? सगळे वर आले तर तो बहुतेक रोग नसतो. ऑक्सिजन कमी झालाय, अमोनिया वाढलाय नाहीतर पाण्यात क्लोरीन आलंय. आपल्याकडे याची कारणं ठरलेली, वाऱ्यापावसात रात्रभर लाईट नव्हती आणि एअर पंप बंद राहिला, किंवा पावसाळ्यात ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएल (क्लोरीनची ब्लिचिंग पावडर) टाकलं आणि तेच पाणी आपण सकाळी टँकमध्ये ओतलं. आणि गणपतीत तर घर चाकरमान्यांनी भरलेलं, प्रत्येक पोर येता जाता चिमूटभर दाणे टाकणार, ते तळाशी कुजणार, की झाला अमोनिया.

अशा वेळी औषध नको. पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, नवीन पाणी 24 तास बादलीत उघडं ठेवलेलं हवं, घाई असेल तर अँटिक्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध) टाकून घ्या. टीसीएल जास्त पडलं असेल तर एक दिवसात क्लोरीन जाईलच असं नाही, तिथे अँटिक्लोरीनच वापरा. हवा चालू करा, खाणं दोन दिवस बंद. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, कारण अमोनिया खाणारे बॅक्टेरिया त्याच स्पंजात राहतात. आणि शोभेला किनाऱ्यावरच्या शिंपल्या टाकल्या असतील तर काढा. त्या विरघळून पीएच वाढवतात आणि पीएच वाढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो, जांभ्याच्या विहिरीचं पाणी मऊ असतं त्यामुळे फरक लगेच दिसतो.

आता खरा आजार. अंगावर, परांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके आणि मासा दगडाला अंग घासतोय म्हणजे इच. पहिल्या पावसानंतर पाणी एकदम गार झालं की हा हमखास दिसतो. ठिपक्यातला परजीवी माशाच्या कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो पिकला की गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवीन मासा शोधत पाण्यात फिरतात, औषधाला सापडतात ती फक्त तेव्हाच. म्हणून चार दिवसांत ठिपके गेले आणि आपण औषध थांबवलं की आठवड्यात दुप्पट परत. शेवटचा ठिपका गेल्यावर पण आठवडाभर चालूच ठेवायचं.

पहिला उपाय मिठाचा. करायचं कसं? आधी पाणी मोजा: लांबी, रुंदी, पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि 1000ने भागा. 60 बाय 30 बाय 30 म्हणजे 54 लिटर, खडी आणि दगड वजा जाता 45 धरा. लिटरला 2 ते 3 ग्रॅम साधं खडेमीठ, म्हणजे इथे 90 ते 135 ग्रॅम, चमच्याने नको, वजन करूनच. शिरोड्याकडच्या मिठागरातलं मिळालं तर उत्तम. एकदम ओतू नका, बाहेर पाण्यात विरघळवून तीन भागांत 24 तासांत घाला. मीठ उडून जात नाही, तेव्हा आटलेलं पाणी भरताना साधं पाणी, आणि पाणी बदलताना काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ. हीटर असेल तर हळूहळू 29-30 डिग्रीपर्यंत न्या आणि हवा वाढवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. गोल्डफिशला एवढी उष्णता नको. टँकमध्ये कॅटफिश, लोच असे मासे किंवा जिवंत झाडं असतील तर मिठाचा हात आखडता.

दुकानातलं औषध घ्यायचंच तर मॅलॅकाईट ग्रीनवालं घ्या, लेबलवरचा डोस, हातात ग्लोव्हज, फिल्टरमधला कोळसा बाहेर. कॅटफिशसाठी अर्धाच डोस.

पर फाटलेले, कडा पांढऱ्या किंवा लाल, हा फिन रॉट. पाणी स्वच्छ ठेवलं आणि दुसऱ्यांना चावणारा मासा वेगळा केला तर बरेचदा पर परत येतात. सड अंगापर्यंत पोचली तर माशांचं कळणाऱ्या पशुवैद्यकाला विचारा. घरातली माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकू नका, स्पंजातले बॅक्टेरियापण मरतात आणि नवीनच भानगड.

गोल्डफिश खाऊन झाल्यावर वाकडा तरंगत असेल तर दोन दिवस उपाशी, मग उकडलेला मटार, साल काढून.

पोट फुगलंय आणि खवले उभे राहिलेत, हा ड्रॉप्सी. खरं सांगायचं तर बहुतेक मासे यातून उठत नाहीत. वेगळ्या बादलीत ठेवा, बाकीचे वाचवा.

मेलेला मासा किंवा औषधाचं पाणी ओढ्यात, विहिरीत नको, विहिरीत डासांसाठी सोडलेले गप्पी मासे असतात. मासा माडाच्या बुंध्याशी खोल पुरा, मांजर उकरणार नाही इतका. पाणी विहिरीपासून लांब मातीत ओता, मिठाचं असेल तर झाडांच्या मुळाशी नको. जाळी आणि बादली कडक उन्हात सुकवा, पावसाळा असेल तर या टँकसाठी वेगळीच जाळी ठेवा. आणि नवीन मासा आणला की तीन आठवडे त्याला दुसऱ्या टबात, कितीही छान दिसत असला तरी.