पोर्ट उघडला तरी फोनवरून घरचा सर्व्हर लागेना
घरच्या रास्पबेरी पायवर (छोटासा कॉम्प्युटर, हाच माझा सर्व्हर) सगळे फोटो आहेत, ते बाहेर असताना फोनवर बघता यावेत म्हणून वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारा व्हीपीएन) टाकलं, राउटरमध्ये ५१८२० यूडीपी पोर्ट फॉरवर्ड केला (म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर येणारं सगळं पायकडे वळवलं), तरी मोबाईल डेटावर हँडशेक (फोन आणि सर्व्हरची पहिली जोडणी) काही होईना. दोन रात्री नुसत्या वायरगार्डच्या कीज (दोन्हीकडची ओळख पटवणारे कोड) तपासण्यात गेल्या. मग राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघितला तर १००.७२ ने सुरू होणारा, म्हणजे सीजीनॅट, इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते! १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की पोर्ट फॉरवर्डिंगचा नाद सोडा, बाहेरचं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. शेवटी पायवर आणि फोनवर टेलस्केल ही व्हीपीएन सेवा टाकली, आत वायरगार्डच आहे पण कनेक्शन घरातून बाहेर जातं, त्यामुळे लगेच लागलं. मग राउटरमध्ये उघडलेला पोर्ट लगेच बंद केला. टेलस्केलच्या लॉगिन अकाउंटला टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी पडताळणी) मात्र लावाच, आणि फोन हरवला तर टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पॅनलमधून तो डिव्हाइस ताबडतोब काढून टाका.