उन्हात वाळलेल्या कपड्यांना सुवास का येतो, आणि घरात कपडे वाळवताना काय सांभाळावे

एकाच धुण्यातले दोन टॉवेल घ्यावेत. एक गच्चीवरच्या दोरीवर मोकळ्या उन्हात टाकावा आणि दुसरा आतल्या खोलीत, कपाटाशेजारच्या स्टँडवर. दोन्ही वाळल्यावर डोळे मिटून हुंगले, तर कोणता कुठे वाळला हे घरातले लहान मूलही सांगेल. साबण तोच, पाणी तेच, कापडही तेच. म्हणजे सारा फरक पडला तो वाळण्याच्या त्या काही तासांत. त्या वेळात कापडावर काय घडते हे एकदा समजून घेतले, की पावसाळ्यात कपडे कुठे, कसे आणि किती अंतरावर टाकायचे याचे बहुतेक निर्णय आपले आपणच घेता येतात.

येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या नेहमी एकच समजतो. उन्हातल्या कपड्यांना सुवास येतो, ही एक. घरातल्या कपड्यांना कुबट वास येतो, ही दुसरी. पहिलीचे कारण ऊन आणि बाहेरची हवा हे आहे, तर दुसरीचे कारण वाळायला लागलेला उशीर. बाहेरचा सुवास घरात निर्माण करता येत नाही, पण कुबट वास मात्र पूर्णपणे टाळता येतो, आणि माझ्या मते सगळी मेहनत तिथेच लावावी.

आधी सुवासाविषयी. कोपनहेगन विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी याचा रीतसर अभ्यास करून तो २०२० साली प्रसिद्ध केला. त्यांनी सुती टॉवेल कोणताही साबण न वापरता अतिशुद्ध पाण्यात धुतले आणि तीन ठिकाणी वाळवले: अंधाऱ्या खोलीत, बाल्कनीत सावलीला आणि बाल्कनीत उन्हात. नंतर टॉवेलांमधून हवेत येणारी द्रव्ये तपासली, तेव्हा उन्हात वाळलेल्या टॉवेलांवर अल्डिहाइड आणि कीटोन या वर्गांतील अशी संयुगे आढळली, जी इतर दोन ठिकाणच्या टॉवेलांवर नव्हती. यांपैकी पेंटॅनल वेलदोड्यात सापडते, ऑक्टॅनलला संत्र्या-लिंबाच्या सालीसारखा गंध असतो आणि नोनॅनलचा गंध गुलाबाकडे झुकतो. ज्याला आपण ‘उन्हाचा वास’ म्हणतो, तो असा खरोखरच कापडावर तयार होणारा सुगंध आहे, मनाचा खेळ नव्हे.

ही संयुगे तयार कशी होतात, याविषयी संशोधकांनी मांडलेले स्पष्टीकरण असे, की बाहेरच्या हवेत अल्प प्रमाणात असणारा ओझोन आणि सूर्यप्रकाश या दोघांची कापडावरील द्रव्यांशी रासायनिक क्रिया होते, आणि कापड ओले असताना त्याच्या पृष्ठभागावर ही क्रिया अधिक सहज घडते. नुसती बाहेरची हवा पुरत नाही, हे सावलीतल्या टॉवेलाने दाखवलेच आहे. म्हणूनच आधी घरात वाळवून, संध्याकाळी तासभर बाहेर टाकलेल्या कपड्यांना तो भरलेला वास येत नाही असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात मध्येच दोन तास ऊन पडले, तर स्टँडवरचे जवळपास वाळलेले कपडे बाहेर नेण्याची घाई करू नये; मशीनमधून नुकतेच काढलेले ओले टॉवेल, पंचे आणि चादरी आधी उन्हात टाकाव्यात. ऊन जितके ओल्या कापडाला मिळेल तितके कारणी लागते.

आता कुबट वास. धुतलेला कपडा आपल्याला स्वच्छ दिसतो, पण त्याच्या धाग्यांत त्वचेवरचा तेलकट अंश, घाम आणि थोडे जिवाणू उरलेलेच असतात. कापड ओले आहे तोपर्यंत हे जिवाणू वाढतात. जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले, की धुतलेल्या कपड्यांच्या या विशिष्ट वासामागे ‘मोराक्सेला ओस्लोएन्सिस’ नावाचा जिवाणू प्रामुख्याने असतो आणि तो तयार करत असलेले एक आम्ल आपल्या नाकाला फार थोड्या प्रमाणातही जाणवते. हा जिवाणू चिवट आहे, कपडा वाळला तरी तो मरून जात नाही. टॉवेल कोरडा असताना ठीक वाटतो आणि अंघोळीनंतर अंग पुसायला घेतला की दोन मिनिटांत आंबूस वास मारू लागतो, हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना त्याचे कारण आता कळेल. अशा वासावर अत्तर, सुगंधी द्रव किंवा कपाटातली डांबराची गोळी हा उपाय नव्हे. त्याने एका वासावर दुसरा वास चढतो, एवढेच.

म्हणजे मुद्दा वेळेचा आहे. कपडे काही तासांत वाळले तर जिवाणूंना वाढायला अवधीच मिळत नाही. रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस ते ओलसर राहिले, तर साबण कितीही भारी असला तरी वास येणारच. बाहेर ऊन कापडाला तापवते आणि वारा कापडालगतची ओली हवा सतत हटवत राहतो, त्यामुळे ही शर्यत आपण सहज जिंकतो.

घरात ती आपण का हरतो, याचा थोडा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत फार तर सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. तिची एकूण क्षमता ९०० ग्रॅमच्या आसपास. जुलैमध्ये मुंबईची हवा ८० टक्के किंवा त्याहूनही अधिक दमट असते, म्हणजे त्या खोलीतल्या हवेत आणखी पाव लिटर पाणीसुद्धा मावत नाही. आणि आपण त्या खोलीत पाच किलो कपड्यांचे धुणे टाकतो, ज्यात मशीनने पिळल्यावरही अडीच-तीन लिटर पाणी शिल्लक असते. दारे-खिडक्या घट्ट लावून ठेवल्या, तर ते पाणी जाणार कुठे? काही वेळाने हवा भरते, वाळणे थांबते आणि सोबत गाद्या, पुस्तके, कपाटातल्या साड्या सर्द होतात. भिंतींच्या कोपऱ्यांत बुरशीचे काळे ठिपके धरतात तेही यामुळेच.

यावरून करायचे काय, ते धुण्यापासून सुरू होते. साबण जास्त घातला की कपडे जास्त स्वच्छ होतात ही समजूत सोडून द्यावी. नीट न निघालेला साबण धाग्यांत मळ धरून ठेवतो. हाताने धूत असाल तर दोन पाण्यांतून चांगले खळबळून काढावे, आणि दुसऱ्या पाण्यातही फेस दिसला तर तिसरे पाणी घ्यावे. मशीन असेल तर पिळण्याचा वेग कापडाला सोसेल तितका वाढवावा, आणि टॉवेल, चादरी, जीन्स यांना एकदा जास्तीचे पिळून घ्यावे. ही काही मिनिटे पुढचे कित्येक तास वाचवतात, कारण मशीनने काढून टाकलेले पाणी हवेला वाहून न्यावे लागत नाही. धुणे झाल्यावर कपडे मशीनमध्ये तसेच पडू देऊ नयेत. रात्री मशीन लावून सकाळी कपडे काढणे ही सोय वाटते, पण वासाची सुरुवात पुष्कळदा त्या बंद ड्रममध्येच होते. मशीनचे दार वापरानंतर उघडे ठेवावे आणि समोरून उघडणाऱ्या मशीनच्या दाराचे रबरी कडे आतून पुसावे. तिथे साचलेला काळपट थर बोटाला लागला, तर कपड्यांच्या वासाचे एक कारण सापडले असे समजावे.

वाळत घालताना प्रत्येक कपडा जोरात झटकावा. झटकल्याने सुरकुत्या मोडतात, टॉवेलाचे दबलेले धागे उभे राहतात आणि हवा त्यांच्यात शिरते. दोन कपड्यांत किमान चार बोटे अंतर ठेवावे. जागा अपुरी असेल तर एकावर एक टाकण्यापेक्षा अर्धे धुणे दुसऱ्या दिवशी लावावे, हे मी आग्रहाने सांगेन. दाटीने टाकलेल्या दहा कपड्यांपेक्षा मोकळे टाकलेले पाच कपडे केव्हाही बरे. साडी चौपदरी न टाकता दुपदरी टाकावी आणि मध्येच एकदा फिरवावी. पँट उलटी करून, कमरेकडून उघडी राहील अशी टांगावी आणि खिसे बाहेर ओढून ठेवावेत. शर्ट हँगरवर लावून बटणे उघडी ठेवावीत. हूड असलेले जाड कपडे हूड खाली लोंबेल असे टाकले, तर पाठीवरची दुहेरी घडी ओली राहत नाही.

जागेची निवड याहून महत्त्वाची. घरातली सर्वांत वाईट जागा म्हणजे बाथरूम, आणि त्यानंतर भिंतीला चिकटवून ठेवलेला स्टँड. स्टँड खोलीच्या मध्यावर, पंख्याखाली घ्यावा आणि समोरासमोरची दोन दारे किंवा खिडक्या थोड्या तरी उघड्या ठेवाव्यात. पंखा हवा कोरडी करत नाही; तो कापडालगतची ओली हवा हलवतो आणि खिडकी ती बाहेर घालवते, त्यामुळे एकाशिवाय दुसऱ्याचा फारसा उपयोग नाही. छताच्या पंख्यापेक्षा खाली ठेवलेला टेबलपंखा अधिक उपयोगी पडतो, कारण त्याचा झोत कपड्यांच्या मधून आडवा नेता येतो. बाहेर मुसळधार पाऊस आणि हवा अगदी कोंदट असेल, तर ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी एक खोली बंद करून तो ‘ड्राय’वर लावावा, कारण एसी हवेतले बाष्प पाण्याच्या रूपाने नळीवाटे बाहेर टाकतो. गच्चीखालच्या गॅलरीत पुलीच्या दांड्या असतील तर जाड कपडे वरच्या दांडीवर लावावेत, उष्ण हवा तिथे साचते.

आमच्याकडे आजी पावसाळ्यात बाळाची दुपटी आणि लंगोट निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवायची. त्या कपड्यांची ऊब आणि किंचित धुरकट वास मला अजून आठवतो. पण ते घर कौलारू होते, कौलांच्या फटींतून हवा खेळती असायची. आजच्या बंद फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. बाळाचे कपडे धुतल्यावर आधी चांगले पिळून, पंख्याखाली बरेचसे वाळवून, शेवटी इस्त्रीने कोरडे करावेत.

कपडा वाळला की नाही, हे मधल्या भागाला हात लावून ठरवू नये. परकराचा किंवा सलवारीचा नेफा, पँटची कंबरपट्टी, कॉलरची आतली बाजू आणि टॉवेलाची शिवलेली किनार येथे कापड दुहेरी-तिहेरी असते आणि ओल तिथेच दडून बसते. हाताची पालथी बाजू किंवा गाल तिथे क्षणभर टेकवावा. गार लागले म्हणजे पाणी अजून उडते आहे, म्हणजेच कपडा वाळलेला नाही. असा एक परकर घडी घालून कपाटात ठेवला, की आठ दिवसांनी त्या खणातल्या दहा कपड्यांना वास लागतो. पावसाळ्यात घडी घालण्याआधी कपडे पंख्याखाली आणखी अर्धा तास राहू द्यावेत, आणि इस्त्री केल्यावर त्यातली वाफ निघून जाईपर्यंत लगेच रचून ठेवू नयेत.

बाहेर वाळवण्यालाही काही पथ्ये आहेत. रंगीत कपडे उलटे करून टाकावेत, कारण ज्या उन्हाने सुवास येतो त्याच उन्हाने रंग विटतो. शेजारी कचरा जळत असेल किंवा बांधकामाची धूळ उडत असेल, तर ओले कापड तो धूर आणि धूळ ओढून घेते. समुद्राकाठी खारा वारा कपड्यांवर मीठ सोडतो आणि मीठ ओल धरते, म्हणून कोकणात आणि गोव्यात कपडे दिवस मावळण्याआधी, अजून उबदार असतानाच काढून आणावेत.

ज्या टॉवेलांना वास मुरलेला आहे, ते नुसते पुन्हा धुऊन सुधारत नाहीत. असे सुती पांढरे टॉवेल ६० अंश किंवा त्याहून गरम पाण्यात, ऑक्सिजन ब्लीच (म्हणजे क्लोरीन नसलेले ब्लीच) घालून तासभर भिजत ठेवावेत आणि मग नेहमीसारखे धुवावेत. क्लोरीनचे ब्लीच वापरणाऱ्यांनी त्यात व्हिनेगर किंवा इतर कोणतेही आम्ल चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. टॉवेलांना मऊपणासाठी घालायचे द्रव मात्र कायमचे बंद करावे. त्याचा थर बसून टॉवेल पाणी कमी टिपतो. गरम पाण्यात निघालेले हे टॉवेल घरात वाळवू नयेत. कडकडीत ऊन असलेला पहिला दिवस पाहावा, सकाळी नऊच्या आत त्यांना दोरीवर एकेरी पसरावे आणि दुपारी एकदा बाजू बदलावी.