स्टार खेळाडूचा करार आणि सॅलरी कॅप : एनएचएलमधल्या या चुका टाळा

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांना उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीचा, म्हणजे एनएचएलचा हिशेब सुरुवातीला ओळखीचा वाटतो. प्रत्येक संघाला खर्चाची एक मर्यादा, आणि तीत सगळा संघ बसवायचा. पण आयपीएलमध्ये काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि पाटी बरीचशी कोरी होते. एनएचएलमध्ये ती कधीच कोरी होत नाही. आठ वर्षांचा करार केला की आठही वर्षं तो हिशेबात राहतो, मग खेळाडूचा सूर हरवो नाहीतर वय वाढो.

२००४-०५ चा अख्खा मोसम संघमालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीत वाया गेला, त्यातून ही सॅलरी कॅप आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख आहे. हिशेबात धरतात ती कराराची वार्षिक सरासरी. तिला कॅप हिट म्हणतात. एखाद्या वर्षी पैसे जास्त दिले, पुढे कमी दिले, तरी आकडा तोच.

अनेक वर्षं हे बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे : संघ स्टारच्या पगारामुळे क्वचितच बुडतात. त्याच्या आजूबाजूला घाईत केलेले मधले करार आणि वेळेवर न घेतलेले निर्णय त्यांना बुडवतात. तुम्ही टोरांटोत किंवा शिकागोत राहून एखाद्या संघावर जीव लावून बसला असाल, किंवा मित्रांबरोबर कॅपवाली फँटसी लीग चालवत असाल, तर पुढच्या चुका ओळखता यायला हव्यात.

दोन महिन्यांच्या खेळावर चार वर्षांचे पैसे

२४ जून २०१३. बोस्टनमध्ये स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या अंतिम फेरीचा सहावा सामना. शिकागो १-२ ने मागे, शेवटची दीड मिनिटं चालू, गोलरक्षकाला बाहेर काढून सहावा खेळाडू आत घेतलेला. ७६ सेकंद उरले असताना जोनाथन टेव्जच्या पासवर ब्रायन बिकेलने बरोबरी साधली. १७ सेकंदांनी डेव्ह बोलंडने विजयी गोल केला आणि कप शिकागोचा झाला.

बिकेलने त्या प्लेऑफमध्ये २३ सामन्यांत ९ गोल केले होते. त्याच उन्हाळ्यात त्याला चार वर्षांचा १ कोटी ६० लाखांचा करार मिळाला, म्हणजे वर्षाला ४० लाख. तो प्रामाणिक, मेहनती, अंगाने दणकट खेळाडू होता. पण ती रक्कम दोन महिन्यांच्या खेळाची होती, त्याच्या एरवीच्या खेळाची नव्हती. २०१५-१६ पर्यंत तो खालच्या लीगमध्ये, रॉकफोर्डला जाऊन आला. आता हा करार कोणाच्या तरी गळ्यात घालायचा तर सोबत काहीतरी गोड द्यावं लागणार होतं. शिकागोने जून २०१६ मध्ये त्याच्याबरोबर ट्युवो टेरावायनेन कॅरोलायनाला दिला. टेरावायनेन तेव्हा २१ वर्षांचा होता. पुढे २०१८-१९ मध्ये कॅरोलायनासाठी त्याने ७६ गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना दिलेले पास मिळून) मिळवले. (बिकेलची तब्येत का ढासळत होती ते नंतर कळलं. त्याच वर्षाच्या शेवटी त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं. त्यामुळे या गोष्टीत दोष त्याचा नाही, कराराचा आहे.)

लोक शिकागोच्या घसरणीचं खापर टेव्ज आणि पॅट्रिक केनवर फोडतात. २०१४ मध्ये दोघांनी प्रत्येकी १ कोटी ५ लाख कॅप हिटचे आठ वर्षांचे करार केले. ते २०१५-१६ पासून लागू झाले, तेव्हा कॅप ७ कोटी १४ लाख होती. म्हणजे दोघांनी मिळून २९ टक्क्यांहून जास्त जागा घेतली. ओझं मोठं होतं, मान्य. पण ज्यांनी तीन कप मिळवून दिले त्यांना पैसे द्यायचे नाहीत तर कोणाला द्यायचे? ती दोन नावं अटळ होती, म्हणूनच त्यांच्याखालचा प्रत्येक ४० लाखांचा करार दहा वेळा तपासायला हवा होता. तो तपासला न गेल्याची किंमत म्हणजे टेरावायनेन.

टाळायचं कसं? मधल्या फळीच्या खेळाडूला प्लेऑफनंतर लगेच लांब करार देऊ नका. बाजारात दुसरा कोणी जास्त देत असेल तर हात मिळवून निरोप द्या. २०१० चा कप जिंकल्यावर शिकागोने बफलिन, लॅड, व्हर्स्टीग अशांना सोडलं होतं आणि तरी २०१३ ला पुन्हा जिंकले.

कॅप वाढणारच, हे गृहीत धरणं

शिकागोचा दुसरा फटका सीमेपलीकडून आला. लीगमधले सात संघ कॅनडात आहेत, त्यांची कमाई कॅनेडियन डॉलरमध्ये होते आणि पगार मात्र अमेरिकन डॉलरमध्ये. २०१४ च्या उन्हाळ्यात कॅनेडियन डॉलर ९० सेंटच्या वर होता. जानेवारी २०१६ मध्ये ७० च्याही खाली गेला. त्यामुळे लीगचं उत्पन्न अपेक्षेच्या वेगाने वाढलं नाही, आणि त्यावर ठरणारी कॅपही नाही.

टोरांटोची गोष्ट याहून कडक. जुलै २०१८ ते सप्टेंबर २०१९ या काळात त्यांनी चार जणांना करार दिले : टव्हारेस १ कोटी १० लाख, मॅथ्यूज १ कोटी १६ लाख, मार्नर सुमारे १ कोटी ९ लाख, नीलँडर सुमारे ७० लाख. ८ कोटी १५ लाखांच्या कॅपची जवळजवळ निम्मी जागा चौघांनी व्यापली. मग कोविड आला आणि कॅप तीन मोसम त्याच आकड्यावर थांबली. महामारीचा अंदाज कोणालाच नव्हता, तो दोष देता येणार नाही. दोष क्रमात होता. बाहेरून टव्हारेसला आधी आणलं, त्याचा आकडा सगळ्यांसमोर आला, आणि मग घरच्या तीन पोरांबरोबर बोलणी सुरू झाली. प्रत्येकाच्या एजंटकडे मोजपट्टी तयार होती. शिवाय मॅथ्यूजचा करार फक्त पाच वर्षांचा. सर्वोच्च भाव मोजूनही लांब मुदतीची शांतता मिळाली नाही.

याउलट कोलोरॅडोने २०१६ मध्ये नेथन मॅकिननला सात वर्षांसाठी ६३ लाखांच्या कॅप हिटवर बांधून घेतलं होतं. तेव्हा तो अजून पुरता बहरला नव्हता. २०२२ चा कप त्यांनी त्याच स्वस्त करारावर जिंकला. स्टारशी बोलणी करायची सगळ्यात चांगली वेळ तो पूर्ण स्टार होण्याच्या आधीची. नंतर प्रत्येक मोसम भाव वाढवतो.

डॉलर बघणं, टक्का न बघणं

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस किरिल काप्रिझोव्हने मिनेसोटाबरोबर वर्षाला १ कोटी ७० लाखांचा करार केला तेव्हा अनेकांचे डोळे पांढरे झाले. २०१७ मध्ये कॉनर मॅकडेव्हिडने १ कोटी २५ लाख घेतले होते तेव्हाही तसंच झालं होतं. आता टक्के काढा. मॅकडेव्हिडचा करार लागू झाला त्या वर्षीची कॅप ७ कोटी ९५ लाख, म्हणजे १५.७ टक्के. काप्रिझोव्हचा लागू होतो २०२६-२७ मध्ये, आणि त्या वर्षासाठी लीगने जाहीर केलेला अंदाज १० कोटी ४० लाखांचा आहे. म्हणजे १६.३ टक्के. फरक आहे, पण आभाळ कोसळण्याएवढा नाही. करारावर मत बनवण्याआधी हा भागाकार करायची सवय लावून घ्या.

निर्णय शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत ढकलणं, किंवा घाबरून फार आधी घेणं

२०२२ मध्ये कॅल्गरीच्या हातून जॉनी गॉड्रो काहीही मोबदला न मिळता गेला. करार संपला, तो मोकळा झाला आणि कोलंबसला गेला. त्यातून मॅथ्यू कचकबाबत ते सावध झाले. लांब करार करणार नाही असं त्याने सांगताच त्याला फ्लोरिडाला पाठवून त्यांनी जोनाथन ह्युबर्डोसह इतर मोबदला मिळवला. इथपर्यंत बरोबर. पण ह्युबर्डो कॅल्गरीसाठी एकही सामना खेळण्याआधी त्याला आठ वर्षांसाठी १ कोटी ५ लाखांची कॅप हिट दिली. त्याच्या आदल्या मोसमात त्याचे ११५ गुण होते. कॅल्गरीतल्या पहिल्या मोसमात ५५ झाले. आणि कचकने २०२४ व २०२५ असे लागोपाठ दोन कप फ्लोरिडात उचलले.

मिको रँटनेनचं प्रकरण मला अजून बोचतं. त्याचा करार २०२५ च्या उन्हाळ्यात संपणार होता. कोलोरॅडोला त्याची मागणी परवडेना, म्हणून २४ जानेवारीला त्याला कॅरोलायनाला दिलं आणि मार्टिन नेचस घेतला. कॅरोलायनालाही तो सही करेना. त्यांनी मात्र वेळ मारून नेली नाही. सहा आठवड्यांत, ७ मार्चला, त्याला डॅलसला देऊन लोगन स्टँकोव्हेन आणि पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक (नवे तरुण खेळाडू निवडण्याचे हक्क) पदरात पाडून घेतले. डॅलसने लगेच आठ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी २० लाख दिले. मग प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत डॅलस विरुद्ध कोलोरॅडो. सातव्या सामन्यात कोलोरॅडो २-० ने पुढे असताना रँटनेनने शेवटच्या सत्रात तीन गोल ठोकले आणि आपल्या जुन्या संघाला घरी पाठवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोने नेचसला किती दिले? आठ वर्षं, वर्षाला १ कोटी १५ लाख. रँटनेनच्या डॅलसमधल्या कराराशी फरक फक्त ५ लाखांचा.

स्टारला सोडायचं ठरवण्याआधी कागदावर एक गोष्ट लिहा : त्याच्या जागी जो येईल त्याला दोन वर्षांनी किती द्यावे लागतील?

तरुणांच्या करारांसाठी जागाच न ठेवणं

जून २०२४ मध्ये एडमंटन अंतिम फेरीचा सातवा सामना हरलं. उन्हाळ्यात त्यांनी अनुभवी खेळाडू घेऊन कॅप भरून टाकली आणि फिलिप ब्रोबर्ग व डिलन हॉलोवे यांच्याशी करार बाकी राहिले. ऑगस्टमध्ये सेंट लुईसने दोघांना एकाच वेळी ऑफर शीट दिली, म्हणजे दुसऱ्या संघाच्या तरुण खेळाडूला थेट कराराचा प्रस्ताव; मूळ संघाने तेवढेच पैसे दिले नाहीत तर खेळाडू जातो आणि भरपाई म्हणून ड्राफ्ट पिक मिळतात. ब्रोबर्गचा आकडा होता ४५,८०,९१७ डॉलर, कारण दुसऱ्या फेरीच्या एका पिकवर भागवता येण्याची मर्यादा तीच होती. हॉलोवेचा २२,९०,४५७, तिसऱ्या फेरीच्या पिकची मर्यादा. सेंट लुईसने गृहपाठ शेवटच्या डॉलरपर्यंत केला होता. बरोबरी करायला एडमंटनकडे सात दिवस होते, पण जागा नव्हती. दोघेही गेले, आणि हॉलोवेने पुढच्याच मोसमात ६३ गुण केले. १ जुलैला मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो, तिथे खरेदीला निघण्याआधी आपल्या पोरांच्या सह्या घ्या, किंवा तेवढी जागा मोकळी ठेवा.

अडकलातच तर

बायआउट, म्हणजे पैसे देऊन करार मध्येच मोडणं, हा सगळ्यात मोहाचा आणि सगळ्यात महाग मार्ग. उरलेल्या पगाराचा साधारण दोन तृतीयांश भाग उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात विभागला जातो. मिनेसोटाने २०१२ मध्ये झॅक परिझे आणि रायन सूटर यांना प्रत्येकी १३ वर्षांचे ९ कोटी ८० लाखांचे करार दिले आणि २०२१ मध्ये दोघांचंही बायआउट केलं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही मोसमांत त्यांची दर वर्षी १ कोटी ४७ लाखांची जागा संघात नसलेल्या या दोघांवर खर्च झाली. थोडा हिस्सा २०२८-२९ पर्यंत चालणार आहे.

त्यापेक्षा पगाराचा वाटा स्वतःकडे ठेवून ट्रेड करणं बरं. निम्म्यापर्यंत रक्कम आपल्या हिशेबात ठेवता येते, पण एका वेळी तीनच करारांवर. करार संपायला एक-दोन वर्षं उरली असतील तर हाच रस्ता घ्या.

दीर्घ दुखापतीच्या यादीचा आधार आता तसा राहिलेला नाही. २०२०-२१ मध्ये टॅम्पाचा निकिता कुचेरोव्ह शस्त्रक्रियेमुळे साखळी सामन्यांत अजिबात खेळला नाही, प्लेऑफला परतला आणि कप जिंकला. दरम्यान त्याच्या कॅप हिटइतका खर्च मर्यादेबाहेर गेला तरी नियमात बसत होता. २०२५-२६ पासून प्लेऑफच्या सामन्यात उतरणाऱ्या संघालाही कॅप लागू आहे. आणि लीग व खेळाडू संघटनेच्या सप्टेंबर २०२६ पासूनच्या नव्या करारनाम्यात आपल्या खेळाडूसाठीची कमाल मुदत आठवरून सात वर्षं होते, बाहेरच्यासाठी सातवरून सहा. ज्यांचे स्टार २०२७ मध्ये मोकळे होणार आहेत, त्यांची बोलणी या नव्या मुदतींवरच होतील.