बारमध्ये व्हिस्कीचे अभिजात कॉकटेल कसे मागवावे

कॉकटेल मागवताना केवळ त्याचे नाव सांगून थांबू नये. कोणती व्हिस्की, गोडी किती आणि बर्फ हवा की नको, एवढे आधीच सांगितले तर बारटेंडरला अंदाजाने काम करावे लागत नाही आणि आपल्याला हवे तेच पेय समोर येते. महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मद्यसेवनाचा परवानाही लागतो. तो जवळ नसल्यास एक दिवसाचा परवाना घ्यावा.

प्रथम तीन जुनी कॉकटेले ओळखून घ्यावीत. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने कॉकटेल म्हणजे मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (वनस्पती-मसाल्यांचा कडू अर्क) यांचे मिश्रण अशी व्याख्या केली होती, आणि ओल्ड फॅशन्ड आजही त्याच चार घटकांचे बनते. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीप्रमाणे त्यात ४५ मिली बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की) किंवा राय (राय या धान्याची) व्हिस्की असते. मॅनहॅटनमध्ये ५० मिली राय, २० मिली गोड तांबडी व्हर्मूथ (वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइन) आणि किंचित बिटर्स असतात. व्हिस्की सावरमध्ये ४५ मिली बर्बन, २५ मिली लिंबाचा रस आणि २० मिली साखरेचा पाक असतो. कॉकटेलची सवय नसलेल्याने सावरपासून सुरुवात करावी, कारण लिंबाच्या आंबटपणामुळे मद्याचा तिखटपणा सौम्य होतो.

त्यानंतर व्हिस्की नाव घेऊन सांगावी. आपल्याकडील बऱ्याच बारमध्ये नुसते ‘व्हिस्की’ म्हटल्यास नेहमीची देशी बाटली उघडली जाऊ शकते आणि अशा अनेक व्हिस्क्यांत उसाच्या मळीपासून काढलेले मद्यार्क मिसळलेले असते. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपांत मुरते, म्हणून तिला व्हॅनिलासारखी गोडसर चव येते. राय त्या मानाने मसालेदार लागते. राय मिळत नसेल तर मॅनहॅटन बर्बनमध्ये मागवायला हरकत नाही, मात्र तेच स्कॉचमध्ये केले की त्याला रॉब रॉय म्हणतात. ठरावीक ब्रँड सांगितल्यावर किंमत बदलू शकते, तेव्हा ती आधी विचारावी. त्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

मॅनहॅटन मागवण्यापूर्वी व्हर्मूथची चौकशी अवश्य करावी. व्हर्मूथ ही मुळात वाइन असल्याने बाटली उघडल्यावर तिची चव हळूहळू उतरत जाते आणि ती फ्रीजमध्ये ठेवावी लागते. उघडी बाटली कित्येक महिने फळीवरच उभी असेल, तर कितीही उत्तम व्हिस्की घातली तरी पेय शिळे लागते. अशा ठिकाणी ओल्ड फॅशन्डच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सावरमध्ये फेसासाठी अंड्याचा पांढरा बलक घालण्याची पद्धत आहे. अंडे न खाणाऱ्यांनी ते ऑर्डर देतानाच सांगावे, कारण तयार पेयातून बलक वेगळा काढता येत नाही.

मागणी एका वाक्यात मावते: ‘एक ओल्ड फॅशन्ड द्या, बर्बनमध्ये, साखर थोडी कमी, बर्फाचा एकच मोठा खडा.’ मोठा खडा सावकाश वितळतो आणि पेय लवकर पाणचट होत नाही. मॅनहॅटन बर्फावर ढवळून, गाळून, बर्फाविना देतात. सावर मात्र शेकरमध्ये जोरात हलवावे लागते. शनिवारी रात्रीच्या गर्दीत बारटेंडरकडून एवढ्या बारकाव्यांची अपेक्षा धरणे योग्य नाही, म्हणून पहिल्यांदा जाताना संध्याकाळी लवकर जावे आणि शक्य असल्यास काउंटरपाशी बसावे.

सोबत साधे पाणी मागवावे, कारण मॅनहॅटनमध्ये सोडा नसतो आणि ते नकळत भराभर संपते. पहिल्या घोटातच पेय फार गोड वाटले तर लगेच सांगावे. बिटर्सचे आणखी दोन थेंब घालून ते बऱ्याचदा सुधारता येते, अर्धा ग्लास संपल्यावर मात्र बारटेंडरलाही फारसे काही करता येत नाही.