सांडपाण्यातलं युरेनियम क्ष-किरणांनी मोजताना

नमुना गाळून झाला की मी त्याच्या 1 मिलीलिटरमध्ये गॅलियमचं मोजून घेतलेलं द्रावण मिसळते; पुढचा सगळा हिशेब त्याच्याशीच ताडायचा असतो. त्यातले 10 मायक्रोलिटर क्वार्ट्झच्या चकतीवर अगदी मधोमध सोडा. वाळवायचं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), आणि सावकाश. घाई केली की थेंब पसरतो, कडेला क्षारांचं पांढरं कडं उरतं. माझा एक अख्खा दिवस त्यात गेलाय.

चकतीवर क्ष-किरण सोडणारी नळी मॉलिब्डेनमची घ्या. नमुन्यातून उलट येणाऱ्या क्ष-किरणांच्या आलेखात युरेनियमचं शिखर 13.61 किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला दिसेल, शेजारी 13.39 ला रुबिडियम असतं, तिथे फसू नका. आणि हो, यात मूलद्रव्य किती ते कळतं, किरणोत्सार नाही. किरणोत्सारी सीझियम-137 साठी गॅमा किरणांची मोजणीच करा.