घर चकाचक, तरी शिंका थांबेनात? या चुका टाळा

माझ्या मुलाची सकाळ कित्येक महिने शिंकांच्या सरबत्तीनेच सुरू व्हायची. मी रोज कपाटं, पंखे, खिडक्या पुसून काढत होते. ज्या उशीत तो रात्रभर तोंड खुपसून झोपायचा, तिच्याकडे मात्र माझं लक्षच गेलं नव्हतं. डोळ्यांना दिसते त्या धुळीमागे लागायचं आणि अंथरूण तसंच सोडायचं, ही सगळ्यांत मोठी चूक.

घरातल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीमागे बऱ्याचदा डस्ट माइट्स असतात. आठ पायांचा, कोळ्याच्या जवळच्या कुळातला हा जीव जेमतेम ०.३ मिलिमीटर लांबीचा. आपल्या अंगावरून झडणारे त्वचेचे कण तो खातो. पाणी पीत नाही, हवेतला दमटपणाच शोषून घेतो. खाणं, ऊब आणि ओल हे तिन्ही त्याला गादी-उशीत आयतं मिळतं. आपल्याला त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा.

मारलं म्हणजे संपलं नाही

गादी उन्हात टाकली की काम झालं, असं मीही समजत होते. ऊन जरूर द्या, त्याने ओल जाते आणि बरेच माइट्स मरतातही. पण विष्ठा आणि मेलेल्या माइट्सचे तुकडे आतच राहतात, आणि शिंका त्यांच्यामुळेही येतात. म्हणून धुण्याला पर्याय नाही. चादरी, अभ्रे, पांघरुणं आठवड्यातून एकदा साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. गार पाण्यात त्रासदायक प्रथिनं बरीचशी निघून जातात, पण माइट्स बहुतांशी जिवंत राहतात. मुलांची मऊ खेळणी गरम पाण्यात खराब होत असतील, तर पिशवीत घालून दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग धुवा. फ्रीझरने माइट्स मरतात, घाण धुण्यानेच जाते. दोन्ही केलं तरच उपयोग.

गादी आणि उशी धुता येत नाही, तिथे अ‍ॅलर्जीसाठी मिळणारी घट्ट विणीची कव्हरं घाला. ती सगळ्या बाजूंनी बंद होणारी, चेन असलेली हवीत. नुसती वरून अंथरायची घेतली तर पैसे वाया जातात.

हवा आणि ओल

एअर प्युरिफायर आणला तरी फरक नाही, ही तक्रार फार ऐकू येते. त्यात मशीनचा दोष असतोच असं नाही. माइट्सच्या विष्ठेचे कण जड असतात. चादर झटकली की उडतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात, मशीनपर्यंत पोचतच नाहीत. मांजराच्या लाळेतून आणि त्वचेतून येणारी प्रथिनं मात्र अतिशय बारीक कणांवर बसून तासन् तास तरंगतात; तिथे अगदी बारीक कणही अडवणारा हेपा फिल्टर कामाला येतो. मांजर घरातून गेल्यावरही ही प्रथिनं सोफ्यात, गालिच्यात कित्येक महिने टिकतात. तेव्हा आठवड्याभरात आराम पडला नाही म्हणून 'मांजराचा संबंध नव्हता' असं ठरवू नका. ओझोन सोडणारी मशीन तर घरात आणूच नका, ओझोन फुप्फुसांना घातक असतो.

कोरड्या केरसुणीने झाडून काढलंत, की खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरपेत बघा. खाली बसलेलं सगळं पुन्हा नाकाच्या उंचीवर तरंगताना दिसेल. ओल्या फडक्याने पुसा. व्हॅक्यूम करताना ज्याला त्रास आहे त्याला खोलीबाहेर ठेवा आणि नंतरही थोडा वेळ आत येऊ देऊ नका.

खोकला येतो म्हणून हवा दमट करणारा ह्युमिडिफायर लावणं हीदेखील चूकच ठरू शकते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर माइट्सना जगणं कठीण जातं. आर्द्रता मोजणारा एक साधा हायग्रोमीटर आणा, अंदाजावर जाऊ नका. भिंतीवर बुरशी आली असेल तर आधी गळती शोधा. वरून रंग मारला तर काही आठवड्यांत डाग पुन्हा वर येतो.

झुरळांवर फवारा मारणंही असंच. त्यांची विष्ठा आणि टाकलेली कात अ‍ॅलर्जी वाढवते, आणि फवाऱ्याने दमेकऱ्याची छाती आणखी भरते. जेलचे ठिपके लावा, फटी बुजवा, उष्टी भांडी रात्रभर ठेवू नका. सुगंधी फवाऱ्यांनी वास झाकला जातो, श्वासनलिका मात्र चिडते.

एवढं करूनही फरक नसेल, तर अ‍ॅलर्जी नेमकी कशाची आहे याची तपासणी करून घ्या. आम्ही ती फार उशिरा केली. माइट्सची अ‍ॅलर्जी असलेल्या घरात मांजराला दोष देत महिने निघून जातात. आणि घर स्वच्छ झालं म्हणून इन्हेलर किंवा गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. रात्री धाप लागून झोपमोड होत असेल, तर आधी डॉक्टर गाठा, गादीचं नंतर बघा.